रखमाजींच्या घोड्याचा कान

वॉलॉंगॉंग, रविवार दुपार

तीर्थस्वरूप शांताराममामांस,

राजीवचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा काय म्हणतो? (तुमचं ब्लडप्रेशर विचारत नाही. ते पत्र वाचून झालं की मोजा.)

रखमाजी पणजोबांचा अश्वारूढ पुतळा गावच्या वेशीवर बसतोय, दसऱ्याला अनावरण आहे, तेव्हा पाटीवर लिहायला त्यांचा इंग्रजी पलटणीतला हुद्दा शोधून दे, असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मला ते एका सुट्टीचं काम वाटलं. तुमच्या बैठकीतल्या फोटोत (चौकटीत मावेना म्हणून कुणीतरी कात्री चालवलेल्या) त्यांच्या खांद्यामागे घोड्याचा एक कान तेवढा दिसतो. दर दसऱ्याला त्या कानाला हळदकुंकू वाहतच आम्ही वाढलो. म्हणजे घोडदळच. मी घोडदळाचे कागद चाळायला घेतले. लंडनला ईमेलवर ईमेल केले. साहेबाने कागद असे जपलेत की कुठल्या घोड्याला कधी खोकला झाला तेही सापडावं. घोडे सापडले, रखमाजी काही सापडेनात. मधुवंती (तुमची भाचेसून) म्हणाली, "बघ हं, गेलेच नसतील लढाईला." मी तिच्याशी अबोला धरला. (तिच्या ते लक्षात आलं नाही.)

शेवटी फोटो सावनीला दाखवला. (ती युनिव्हर्सिटीत जनावरांची डॉक्टर होतेय, हे मामींना पुन्हा सांगा. त्या तिला नर्स समजतात.) तिने फोन जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स अ म्यूल." मी म्हटलं, अरबी घोडा आहे, अरबी घोड्यांचे कान लांबच असतात, असं शांताराममामा सांगतात. ती हसली नाही, हेच मला जास्त लागलं.

खेचरांच्या पलटणीत रखमाजी लगेच सापडले. बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं जुळलं. हुद्दा खेचरवाला. मामा, पत्र खाली ठेवू नका. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानात गॅलिपोलीला होते. तुर्कांच्या गोळीबारातून, डोंगरावर अडकलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना पाणी पोचवत होते. एकदा वाटेत खेचराला गोळी लागली, तर पाण्याचे डबे यांनी स्वतःच्या पाठीवर वर नेले, आणि जाऊ नको असा हुकूम असताना जखमी खेचर आणायला पुन्हा खाली गेले. आणलं. साहेबाने हे दोन ओळींत लिहिलंय. त्या वाचून मी उठून उभा राहिलो आणि पायातल्या सपाता काढल्या, स्वतःच्याच घरात.

काल इथे अँझॅक डे होता. पहाटे समुद्राकाठी त्या लढाईतल्यांना मानवंदना असते. आमच्या शेजारच्या मार्गारेटबाई आजोबांची पदकं छातीवर लावून उभ्या होत्या. त्यांना मी रखमाजींची हकीकत सांगितली. त्या माझा हात धरून म्हणाल्या, माझे आजोबा त्यांच्या हातचं पाणी प्यायले असतील. मामा, या देशात आपलं मागचं कुणी नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो. मला रडू आवरेना.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
राजीव

ता. क. पुतळ्याचा घोडा अजून मातीतच असेल तर शिल्पकाराला सांगून त्याचे कान तेवढे लांब करून घ्या.

पुन्हा ता. क. रखमाजींनाही खाली उतरवा. ते बसून गेले नव्हते, चालत गेले होते. तलवार काढा, हातात लगाम द्या. (वर्गणीदारांना मी फोन करतो.) हळदकुंकू मात्र त्या कानालाच वाहा. तेवढं आपण पहिल्यापासून बरोबर करत आलोय.