मांडून ठेवलेलं आडवं झाड

मेत्सालाम्पी, मंगळवार, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय तावेत्ती मामा,

भाच्याचा नमस्कार घ्या. मामीलाही सांगा आणि घोड्यालाही, कारण निघताना मी नीट निरोप फक्त त्याचाच घेतला होता. तुमचा गुडघा कसा आहे? बर्फ वितळायला लागला की तो दुखतो आणि तो दुखला की तुम्ही माझ्याविषयी बोलता, असं मामी लिहिते. माझी तब्येत उत्तम. खोलीत नळाला गरम पाणी येतं. ते चार महिने झाले तरी संपलेलं नाही.

नोकरी चार इमारतींच्या राखणदाराची आहे. हेलसिंकीच्या बाहेर हे नवं गाव वसवताना शहाण्या माणसांनी आधी कागदावर जंगल काढलं आणि मग त्यात घरं अशी बसवली, की खिडकीतून शेजाऱ्याची खिडकी दिसू नये. (आपल्याकडे शेजारी दोन कोसांवर, त्यामुळे हे कधी कुणाला सुचलं नाही.) प्रत्येक झाडाला पत्र्याची बिल्ला-पट्टी आणि तिच्यावर आकडा. फांदी छाटायची तर तीन प्रतींत अर्ज, आणि मला तर एक प्रत लिहायलाच अख्खा दिवस जातो.

तर झालं असं. आमच्या दुसऱ्या इमारतीमागे एक पाईन आडवा पडला होता, कुजलेला, शेवाळानं भरलेला. येता-जाता तो दिसायचा आणि तुमचा आवाज कानात यायचा, की अंगणात पडलेलं झाड म्हणजे घरच्या गड्याच्या आळसाची पाटी. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी न सांगता काम केलं. सकाळी सहाला सुरुवात केली आणि अकरापर्यंत सगळं कापून, फोडून, सालीची बाजू खाली ठेवून अशी रास रचली, की तुम्ही हात फिरवून बघितला असता. त्या झाडाचा एक्केचाळीस नंबरचा बिल्ला टाकून द्यायला मन होईना, म्हणून राशीवर ठोकला. मग दारोदार जाऊन सांगितलं, की सरपण तयार आहे, घेऊन जा. तेव्हा लक्षात आलं की इथं कुणाच्याच घरात चूल नाही, सगळ्या गावाला ऊब एकाच धुराड्याखालून येते. तोवर छत्तीस घरांत मी माझा गुन्हा स्वतःच कळवून आलो होतो.

पहिल्या खाली आल्या तळमजल्याच्या सेल्माबाई, निवृत्त मास्तरीण. रोज सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन त्या झाडासमोर बसायच्या.

“पोरा, माझा सुतारपक्षी आता कशावर टोचे मारणार?”

“बाई, झाड मेलेलं होतं.”

“मीही अर्धी मेलेली आहे. मला फोडतोस?”

मग गावाची झाडं नि घरं आखणाऱ्या समितीचे हाग्बेर्ग साहेब आले. ते ओरडत नाहीत. तुमच्यासारखे ओरडले असते तर बरं झालं असतं, माणसाला कुठं उभं राहायचं ते तरी कळतं. ते अगदी हळू म्हणाले, “ते झाड पडलेलं नव्हतं, एन्सिओ. ते मांडलेलं होतं. जागा ठरवायला दोन बैठका लागल्या.” महिनाअखेरीपर्यंत तसंच झाड, तितकंच कुजलेलं, तिथंच दिसलं तर विषय संपला. नाहीतर खोली रिकामी करायची. सुतारपक्षी रोज येतो, राशीवर बसतो, बिल्ल्यावर एकदा टक् करतो आणि माझ्याकडे बघतो.

पण तुम्ही काळजी करू नका. मला काही नको. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
एन्सिओ

ता. क. तुमच्या सॉनाच्या न्हाणीघरामागे जो पाईन सहा वर्षं आडवा पडलाय, ज्यावरून आपलं दर हिवाळ्याच्या तोंडावर भांडण होतं आणि गेल्या वेळी मी घर सोडलं, तो चार मीटर आहे, मी मोजला होता. (काम टाळताना माणूस मोजमाप घेतो.) तो गोणपाटात गुंडाळून मालगाडीनं पाठवा. शेवाळ खरवडू नका. मुंग्या असतील तर त्याही राहू द्या. सहा वर्षं मी तो ज्या चिकाटीनं जपला, त्याचं चीज होईल.

ता. क. दुसरा. मामी लिहिते की तुम्ही सध्या कुऱ्हाडीला धार लावताय आणि म्हणताय, गडी गेला तर गेला, मी स्वतः करतो. हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय कृपा करून अंगणात जाऊ नका.

ता. क. तिसरा. समजा गेलाच असाल, तर त्याच लाकडांवर सॉना तापवून ठेवा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी पोचतो.