करार मोडण्याची पूर्वतयारी

१ जानेवारी १९९२, बुधवार
नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प एकच: हा फ्लॅट सोडायचा. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, त्यातले तीन झाले. बेडरूमच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत भेग गेलीय आणि दुपारी भिंत आतून टकटक करते, असं शेवंतीचं म्हणणं. बायको घाबरट आहे. (मीही ऐकली. सिमेंट वाळत असेल.) तरी आमची मंजू त्याच भिंतीला पाय लावून झोपते, तेव्हा रिस्क नको. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, मालक आबा तळमजल्यावरच राहतात. पाच मिनिटांचं काम. रविवारी सांगून टाकतो.

५ जानेवारी, रविवार
सांगितलं नाही. पुराव्याशिवाय बोलणं आमच्या लाइनीत बसत नाही. वागळे इस्टेटला रंगाच्या कंपनीत सात वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. लॅबमधून काचेच्या पट्ट्या आणल्या. एक भेगेवर आडवी लावली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की. भेग वाढली की काच तडकते. शास्त्र आहे. शेवंतीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, काच फुटेपर्यंत थांबायचं कशाला?

७ जानेवारी
काच फुटली. रस्त्यावरून रोड रोलर गेलेला. ही धरायची नाही.

१० जानेवारी
दुसरीही फुटली. वरच्या दौलतचा मिक्सर.

१३ जानेवारी
तिसरी. दौलतला झापायला वर गेलो. तो म्हणाला, मिक्सर जळून महिना झाला. म्हणजे काचांचा लॉटच खराब. मटेरियलचा दर्जा राहिलेला नाही.

१५ जानेवारी, संक्रांत
आज सडेतोड बोलायचं ठरवूनच खाली गेलो. वाक्य पाठ केलेलं. आबांनी दार उघडलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाले. आता यावर माणूस काय बोलणार? वड्या खुसखुशीत झाल्यात म्हणालो. दोन जास्त मिळाल्या.
वर आलो. शेवंतीने माळ्यावरची ट्रंक काढली.

१६ जानेवारी
मेहुणा नामा टेम्पो घेऊन आला. ट्रंक, गाद्या, भांडी, मंजू, सगळं टिटवाळ्याला गेलं. शेवंती म्हणाली, आबांना सांगा आणि या. सांगणं होत नसेल तर येऊ नका. मंजूने टेम्पोतून विचारलं, बाबा त्या भिंतीजवळ एकटे झोपणार? मी हसून हात हलवला. टेम्पो वळला तरी हलवतच होतो.

१८ जानेवारी, सकाळी ५
नवी स्ट्रॅटेजी. पूर्ण तयारी होईपर्यंत आबांच्या नजरेला पडायचं नाही. उजाडायच्या आत फर्स्ट शिफ्टला निघायचं, येताना मागच्या जिन्याने, चपला हातात. खिडक्या बंद. स्टोव्ह पेटवायचा नाही, पाव-केळी.
काचेऐवजी भेगेवर पुठ्ठा लावला.

२१ जानेवारी
पुठ्ठा शाबूत! शेवंतीला कळवलं पाहिजे. भेगेत आता करंगळी जाते, पण पुठ्ठ्याला काहीच झालेलं नाही.
बिल्डिंगलाही शिस्त लागलीय. रेडिओ नाही, जिन्यात भांडणं नाहीत, कोणाचं पोर रडत नाही. फक्त तीन दिवस नळाला पाणी नाही. आबांना हेही सुनवायचं. शेजारच्या विहिरीवरून बादली आणतो.

२४ जानेवारी, संध्याकाळी
टकटक आता जेवतानाही होते. तीनदा, थोडं थांबून पुन्हा तीनदा. आज मी बोटाने दोनदा वाजवून बघितलं. ती थांबली. मग तिनेही दोनदा वाजवलं.
भीती वाटली. शेवंती इथे हवी होती असं वाटलं, मंजूही. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. पाव खाल्ला नाही.

२६ जानेवारी, रविवार
आज शेवट केला. नोटीस इंग्लिशमध्ये, दोन पानं, खाली सही. इस्त्रीचा शर्ट घातला. पुढच्या जिन्याने, चपला वाजवत उतरलो. निघताना वर डोकावलो होतो, दौलतच्या दाराला कुलूप. दुसऱ्या मजल्यावर चारही दारांना कुलपं. पहिल्यावरही.
आबांच्या दाराला कुलूप आणि त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात कागद. इमारत धोक्याची झाली आहे. अठरा तारखेला मी स्वतः दारोदार जाऊन सर्व बिऱ्हाडं हलवली. तिसऱ्या मजल्यावरचे आधीच टेम्पो करून गेले. आत कोणी राहत नाही, कोणी जाऊ नये.
दोनदा वाचला. आठ दिवस या चार मजल्यांत मी एकटा होतो. नोटीस आबांच्या दाराखालून सरकवली. तेवढं तरी रीतसर.
बाहेर आलो तर समोर खाडीवरची सगुणा, मासळीची पाटी डोक्यावर. दर रविवारी आमच्याच जिन्यात बसायची. मला दारातून येताना बघून जागीच थांबली. पाटी उतरवली, दोन बोंबील काढून लांबूनच पायरीवर ठेवले आणि हात जोडून म्हणाली, बाबा, तू कवा मेलास रं?
मी सांगितलं, मी मेलेलो नाही, मी भाडेकरू आहे.
तिला ते पटलं नाही.