आबांच्या लॅपटॉपमधली जाळी

प्रिय आबा,

आज सोमवार, २० मे. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. तुमचा लॅपटॉप टेबलावर पालथा घातलाय, त्याचे अकरा स्क्रू बशीत काढून ठेवलेत आणि काम अर्धवट सोडून मी हे पत्र लिहितोय. तुम्ही जाऊन चार महिने झाले. एवढ्या दिवसांत लिहायचं कधी सुचलं नाही. आज मात्र तुमच्याशी बोलल्याशिवाय हे झाकण परत बसवता येणार नाही, असं वाटतंय.

स्वातीला ऑनलाइन क्लाससाठी तुमचा लॅपटॉप हवा होता. जुना आहे, एका वेळी दोन गोष्टी उघडल्या की अडकतो. म्हटलं, रॅम वाढवून देऊ, पंखा साफ करू, प्रोसेसर थंड ठेवणारी, आता वाळलेली पेस्ट बदलू. एका सकाळचं काम! म्हणून आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तो मी घरीच उघडला.

आणि उघडल्या उघडल्या मला कळलं, की माझ्यानंतर कोणीतरी हा उघडलेला आहे.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. झाकण काढायच्या आधी फोटो, काढल्यावर फोटो, लांब स्क्रू वेगळे, आखूड वेगळे. दीड वर्षापूर्वी दिवाळीत मीच यात चार जीबीची दुसरी रॅम टाकली होती, तेव्हाचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहेत. लांब स्क्रू आता भलत्याच भोकात होता. मी राखाडी पेस्ट लावली होती, इथे पांढरी दिसत होती. पहिल्यांदा रॅम पाहिली. तीच, माझ्या पेनाची खूण असलेली. डिस्क तीच, बॅटरी तीच. मग गेलं काय?

माझी जाळी गेली होती.

आठवते ना ती जाळी, आबा? जिनिंगमध्ये, कापसाच्या कारखान्यात, तुम्ही वजनकाट्यावर बसायचात. गाड्या मोजायच्या, पावत्या काढायच्या आणि हवेत दिवसभर कापसाचे तंतू. पंख्यात तंतू जाऊ नयेत म्हणून मी आतल्या बाजूने, हवा येते त्या फटींवर, खिडकीची बारीक नायलॉनची जाळी चिकटवली होती. ही माझी स्वतःची युक्ती होती! कोणी शिकवलेली नाही. किती खूश होतो मी त्या दिवशी!

स्वाती माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "सगळं तर आहे. चोरीला काय गेलं?"

"जाळी."

"जाळी?" ती हसत सुटली. "दादा, चोर रॅम सोडून तुझी जाळी नेतो का? पिशवी शिवायची असेल त्याला!"

मला हसू आलं नाही. दुरुस्तीच्या आमच्या धंद्यात मशीन उघडून काही न नेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गिऱ्हाइकं उगाच स्टुलावर बसून, "माझ्यासमोर खोला" म्हणत नाहीत.

पहिला संशय माझ्यासोबत दुकानात काम करणाऱ्या प्रशांतवर गेला. त्याच्याकडे दुकानाची दुसरी किल्ली असते आणि माझ्या जाळीबद्दल त्याने दोन वेळा विचारलंही होतं. चार दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो, त्याच्या ड्रॉवरमध्ये डोकावून पाहिलं. पाचव्या दिवशी त्याने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "काय झालंय? संशय आहे ना माझ्यावर? मग सरळ बोल ना भाऊ, हे तिरपं बघणं बंद कर." मी सरळ बोललो. तो म्हणाला, "काकांचा लॅपटॉप या दुकानात आला तरी होता का कधी?" खरंच, नव्हता आला. मी तो घरीच केला होता.

मग स्वातीला आठवलं. "गेल्या वर्षी होळीच्या आधी आबा धुळ्याला गेले नव्हते का, आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला? तेव्हा लॅपटॉप घेऊन गेले होते."

बहिणीचं ऑपरेशन आणि सोबत लॅपटॉप? कशासाठी, आबा? घरात मशीन दुरुस्त करणारा मुलगा असताना तुम्ही धुळ्याला कोणाकडे गेलात? मला वाटलं ते सांगून टाकतो: तुम्ही माझं काम दुसऱ्याकडून तपासून घेतलंत. काट्यावर गाडी दुसऱ्यांदा मोजतात तसं. त्या रात्री मी नीट जेवलो नाही.

काल सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो. आत्याने देवपुरातलं दुकान दाखवलं. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि भिंतीवर पंखा. पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"ये भाऊ, बठ. काय व्हयनं?"

मी मोबाइलमधला फोटो पुढे केला. "हे मशीन तुम्ही उघडलं होतं का?"

त्यांनी चष्मा वर केला. "हां! डोयाना ऑपरेशनवाली बाईना भाऊ. कापूसना काटावर काम करेत. बठ्ठा येळ याच स्टुलवर बसनात, जराबी हालनात नहीत."

म्हणजे तुम्हीही "माझ्यासमोर खोला" म्हणणाऱ्यांतले! मी विचारलं, मशीनला झालं काय होतं?

"दुपारले बंद पडे. तापीसन लाल! खोलं तं आत जाळी. त्या जाळीवर कापूसना थर बसेल, गोधडीसारखा. हवा येवाले जागाच नही. कोन येडानी लायेल व्हती रे ती? मशीनना नाकवर उशी दाबेल व्हती त्यानी!"

मी म्हणालो, "मी लावली होती. मी त्यांचा मुलगा."

अण्णांचं हसू तिथेच थांबलं. मग ते एकदम शुद्ध मराठीत आले. "बस, बस. चहा सांगतो."

पण मी इतक्यात विश्वास ठेवणार नव्हतो. कोणीही म्हणेल जाळी होती म्हणून. विचारलं, "कशी चिकटवली होती?" ते म्हणाले, चारी कोपऱ्यांना, आणि वरच्या एका कोपऱ्याला दोनदा. बरोबर होतं. पंखा त्या कोपऱ्यात थरथरतो म्हणून मी तिथे नेहमी दोनदा चिकटवतो. ते फोटोत दिसत नाही.

"जाळी कोणी लावली, ते तुम्ही आबांना विचारलं होतं?"

"इचारं ना. दोन डाव इचारं."

"मग?"

"वर पंखाकडे देखत ऱ्हायनात. मंग म्हने, जाळी फेकू नका, माले द्या. खिसामा ठेई लिधी." चहा आला तसं ते म्हणाले, "बाकीनं काम चांगलं व्हतं तुनं. खोटं कसाले बोलू?"

हे शेवटचं वाक्य खरं होतं की माझा चेहरा बघून म्हटलेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तुमचा विचार करत होतो. दोनदा विचारलं त्यांनी. एकदाही तुमच्या तोंडून "माझ्या मुलाने लावली" निघालं नाही. लाज वाटली का तुम्हाला माझी? परक्या माणसासमोर मुलगा येडा ठरू नये म्हणून गप्प बसलात, की येड्याचे बाप आपण ठरू नये म्हणून?

आणि पारोळ्याच्या पुढे आल्यावर मला ते शेठचं मशीन आठवलं. त्याच वर्षी होळी झाल्यावर तुम्ही जिनिंगच्या शेठचा लॅपटॉप स्वतः माझ्या दुकानात आणून दिला होता. म्हणालात, "फक्त रॅम टाक. तुझ्या मनानं बाकी काही लावू नको." केवढा राग आला होता मला! वाटलं, शेठसमोर माझी कारागिरी दिसायला नको तुम्हाला. तुम्ही दुकानातून बाहेर पडल्यावर मी मुद्दाम जाळी लावली. चांगली दुहेरी! आणि नेहमीसारखे जाळीचे पन्नास रुपये वेगळे घेतले.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसून भाजी निवडत होती. मी विचारलं, आबा लॅपटॉप घेऊन धुळ्याला का गेले, हे तुला माहीत होतं?

"माहीत होतं ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू आठ दिवस स्वातीले इचारलं, त्या प्रशांतले इचारलं. मले इचारलंच कुठं?"

मी तिच्या शेजारी बसलो. ती भाजी निवडतच बोलली. "मागं एकदा ते तुले फक्त म्हनले होते, एक स्क्रू ढिला राहिला बघ. तर दोन दिवस दुकान बंद ठेवून झोपला होता तू. कॉलेजबी तसंच सोडलं. मी म्हनली, पोराले सांगा. तर म्हने, त्याले कळीन आपोआप. हातातलं काम सुटायला नको."

आबा, आपोआप कळलं नाही! कसं कळणार? मशीन तापलं की लोक माझ्याकडे येत नव्हते, दुसरीकडे जात होते. तुम्ही धुळ्याला गेलात तसेच. आणि मी इकडे जिनिंगवाल्यांच्या, केळीच्या वखारींच्या मशीनना एकामागून एक जाळ्या लावत होतो आणि गिऱ्हाइकं का कमी होतायत म्हणून प्रशांतकडे तिरपं बघत होतो. मी दोन दिवस झोपलो असतो, चार दिवस झोपलो असतो. पण उठलो असतो ना? एवढा तरी भरवसा ठेवायचा होता. तुम्ही माझ्या रॅमवर ठेवलात, माझ्यावरच नाही.

की ठेवला होता, म्हणूनच शेठचं मशीन माझ्याकडे आणलंत? हेही मी काल रात्रीपासून उलटसुलट करून पाहतोय. तुमच्याकडून उत्तर येणार नाही. तरी विचारतो.

आता तुमच्या लॅपटॉपचं झाकण बसवतो. एक रॅम काढून तिच्या जागी आठ जीबीची टाकली आहे, एकूण बारा झाली. पंख्यामागच्या पत्र्यांमधला कापूस ब्रशने काढला. पेस्ट नवीन, तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. स्वातीला सांगणार आहे, गादीवर ठेवून वापरू नकोस आणि दर दोन महिन्यांनी माझ्याकडे साफ करायला दे. जाळी नाही.

आणि आबा, शब्द देतो. आज दुकान उघडल्यावर पहिला फोन शेठना. मग बाकीच्यांना. चौदा मशीन आहेत. प्रत्येक मशीन मालकाला स्टुलावर बसवून, त्याच्यासमोर उघडेन आणि जाळी काढेन. हे कोणी लावलं, असं त्याने विचारलं तर माझं नाव सांगेन. त्यानंतर दुकान बंद ठेवणार नाही.

झालेला खर्च: रॅम नऊशे, पेस्ट दीडशे, धुळ्याला जाणं-येणं साडेचारशे. अण्णांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

देणं: चौदा जणांना जाळीचे प्रत्येकी पन्नास, एकूण सातशे रुपये.

तुमचा,
नितीन