ढिले राहिलेले नट

प्रिय विवेक,

तीन दिवसांत तुला सतरा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या भावोजींना सांगितलंय, अंबाडीला गॅरेजात जाऊन हे त्याच्याच हातात द्या आणि त्याचं वाचून होईपर्यंत तिथून हलू नका.

आधी राग लिहिते, कारण तो खूप आहे. आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक तू नवे बसवून दिलेस आणि दुसऱ्याच दिवशी पेडल खाली जायला लागलं. फोन केला तर म्हणालास, “ताई, लायनिंग नवीन हाय, बसाया वेळ लागतो.” ऐकलं. पुन्हा घेऊन आलो. तू खाली वाकून काहीतरी फिरवलंस, “झालं” म्हणालास. गणेशपुरीच्या फाट्यापर्यंत येतो न येतो तोच पेडल पुन्हा तसंच. इकडे भाताची आवणी तोंडावर, रोपं पिवळी पडायला लागलेली, चार घरं चिखलणीसाठी आमच्या ट्रॅक्टरची वाट बघतायत आणि मी प्रत्येकाला उद्या-परवा सांगतेय. माझा भाऊ एक नंबर मेकॅनिक, असं गावभर मीच मिरवलेलं. आता कुणी नुसतं हसलं तरी अंगाची लाही होते.

मंगळवारी उतारावर ब्रेक लागलाच नाही. खाली पुतळाबाईच्या शेतात बाया वाकून रोपं लावत होत्या, त्यांना काही कळायच्या आत ट्रॅक्टर सुटला. भावोजींनी स्टेअरिंग वळवून तो बांधावर घातला. चाक आणि बाया यांच्यात दोन हातांचं अंतर राहिलं. भावोजींचा खांदा सुजलाय. मी त्यांनाच ओरडत सुटले, काय बोलत होते मला आठवत नाही.

मग दापोड्याहून सिराजभाईंना आणलं, तिथल्या ट्रकांचं काम करतात ते. त्यांनी सगळं खोललं आणि बराच वेळ बघत बसले. लायनिंग बरोबर, स्प्रिंगा जागच्या जागी, फक्त नट बोटांनी फिरत होते. “बहन, काम जानकार आदमी का है,” ते म्हणाले, “पर कसा नहीं है.” आवळलेलंच नाही म्हणे. विसरला असेल, मी म्हटलं. ते म्हणाले, “आदमी एक नट भूलता है, आठ नहीं.” कुणी केलंय असं त्यांनी विचारलं, तर मी माहीत नाही म्हटलं. तुझं नाव सांगायची लाज वाटली, विवेक. पहिल्यांदाच.

रात्रभर तेच डोक्यात. आबांचा डिझेल पंप तू पंधराव्या वर्षी खोलला होतास. एकेक भाग माझ्या जुन्या लुगड्यावर ओळीने मांडलास, कोंबडीलासुद्धा जवळ येऊ देईनास. नट इतके आवळलेस की पुढच्या वेळी सोडवताना आबांनी पान्याला पाईप लावला होता. असा माणूस आठ नट ढिले कसे सोडेल? मग त्या दिवशीचं गॅरेज आठवलं. पाना तुझ्या हातातून दोनदा पडला आणि तू म्हणालास, तेल लागलंय. पाना मीच उचलून दिला होता. तो कोरडा होता.

काल तुझ्या सोनलला फोन केला. आधी काही नाही म्हणाली, मग रडायलाच लागली. दिवाळीपासून तुझ्या उजव्या हाताची बोटं बधिर आहेत, शर्टाची बटणं तीच लावते, आणि कुणाला सांगशील तर बघ, असं तू तिला बजावलंयस. तिच्यावर चिडू नकोस. ट्रॅक्टर सिराजभाईंनी ठीक केला, चिखलणीही उरकत आली. त्यासाठी हे पत्र नाही. तुझा हात डॉक्टरला दाखवायचा आहे. गॅरेज बंद पडेल म्हणून तू लपवतोयस, ते मला कळतं. पण तोवर कुणाच्याही ब्रेकला हात लावू नकोस. तू बसून सांग, आवळू दे दुसऱ्या कुणाला. येत्या सोमवारी पहिल्या एस.टी.ने मी अंबाडीला उतरते, तिथून दोघं भिवंडीला जाऊ. नाही म्हणालास तर गॅरेजच्या दारातच बसेन, आणि मी किती वेळ बसू शकते ते तुला चांगलं ठाऊक आहे.

तुझीच,
देवकीताई