गाडीची मागची बाजू

प्रिय दिपाली,

मी बरी आहे, गुडघा दुखतो तेवढा. आता मुद्द्याचं वाच. तुझ्या पाट्या गाड्यांना लागल्या.

गेल्या हंगामात तू पुण्याहून येऊन उसाच्या गाडीवानांना रेडियमच्या पट्ट्या वाटल्यास आणि त्यांनी त्या बैलांच्या शिंगांना चिकटवल्या, पोळ्याला नटवतात तशा. सगळा गाडीतळ हसला. तू चहा अर्धा टाकून निघून गेलीस. मला राग त्यांचा नाही, तुझा आला. तुझे बाबा म्हसावदच्या रस्त्यावर अंधारात उसाच्या गाडीला मागून धडकून गेले, तेव्हापासून तू याच एका गोष्टीमागं लागलीस. लोक सिव्हिल शिकून बंगले बांधतात, तू रस्त्यावर माणसं का मरतात ते शिकलीस, तेच पोरांना शिकवतेस. आणि आता कॉलेजवाले म्हणतात, या हंगामात जमलं नाही तर हे काम बंद.

म्हणून दिवाळीनंतर तू उसावर मागून बांधायच्या, उजेडात चमकणाऱ्या रेडियमच्या पाट्या पाठवल्यास, तेव्हाच ठरवलं, हातापाया पडायचं नाही. माझ्या टपरीवर पाटी नाही त्याला चहा नाही. गाडीवानांचा मुकादम डोंगरसिंग फुगला. मागं पाटी लटकवली की गाडी विकायला काढल्यासारखी दिसते म्हणे. दोन दिवस बिनचहाचा बसला. मग तू फोनवर सांगितलंस तेच केलं. दिवेलागणीला त्याची भरली गाडी त्याच्या भावाला हाकायला लावली आणि त्याला शेजारच्या भटूच्या मोटरसायकलवर बसवून मागून पाठवलं. अगं, गाडीवान जन्मभर पुढं बसतो, स्वतःची गाडी मागून त्यानं कधी बघितलेलीच नसते. लोंबणाऱ्या उसात गाडी दिसेचना, भटूनं करकचून ब्रेक मारला. परत आला तो थेट माझ्याकडं. पाटी मागून घेतली, स्वतः बांधली, मग चहा प्यायला. दुसऱ्या दिवसापासून पाट्यांना रांग. हंगाम उतरत आला, आपल्या तळावरच्या एकाही गाडीला मागून कोणी धडकलं नाही. कॉलेजात हे मोठ्यानं सांग, तिथं पुटपुटू नकोस.

आता पत्र का लिहिलं ते. परवा ट्रॉलीतून ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले टपरीवर आले. त्यांच्यातला रेवजी म्हणाला, "ताई, तुन्ही पोरले सांग, आमना टॅक्टरले बी पाटी जोयजे." त्यांनाही पाट्या हव्यात म्हटल्यावर मी तुला न विचारता शब्द देऊन टाकला. पुढच्या रविवारी तू येणार आणि एकेकाला त्याची ट्रॉली मागून दाखवणार. फोनवर तू मीटिंगचं कारण काढलं असतंस. पत्राला कारणं सांगता येत नाहीत. ये.

तुझीच,
आई