कार्डावर टायफॉईड

८ सप्टेंबर

पुन्हा तेच. वंदनाबाई, वय चौतीस, देवळीकडच्या खेड्यातली. सहा दिवस ताप, डोकं फुटतंय, आजपासून धाप. गावच्या डॉक्टरने सलाईनी चढवल्या, टायफॉईडचं इंजेक्शन सुरू केलं आणि विडालची, म्हणजे टायफॉईडच्या रक्ततपासणीची, चिठ्ठी देऊन इकडे मोठ्या दवाखान्यात पाठवली. चिठ्ठी पॉझिटिव्ह. सर राउंडला आले, चिठ्ठी वाचली, बाईकडे पाहिलंही नाही. "टायफॉईड. तेच इंजेक्शन चालू ठेवा." धडधाकट माणसाचंही विडाल पॉझिटिव्ह येतं आपल्याकडे, हे सरांना मी सांगायचं? कागदावर तेच इंजेक्शन लिहिलं.

९ सप्टेंबर

सकाळी सिस्टरला बरोबर घेतलं, पडदा ओढला, ब्लाऊज काढायला लावलं. डाव्या स्तनाखाली काळी खपली, विडी टेकवल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही. आधी का नाही सांगितलं, विचारलं. "कोणी पाह्यलंच नाई. मी काऊन दाखवू?" बरोबर आहे तिचं. तीन डॉक्टरांनी स्टेथो साडीवरूनच लावला. गावचा, अपघात विभागातला आणि तिसरी मी, काल.

स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याचा ताप; तो चावतो तिथे अशी खपली धरते. टायफॉईडच्या इंजेक्शनला तो भीक घालत नाही, डॉक्सीच्या साध्या गोळ्यांनी जातो. सरांना सांगितलं. "तीस वर्षं झाली मला. पुस्तकं मीही वाचलीत." मग मेहेरबानी केल्यासारखं, "डॉक्सी हवी तर देऊन टाका, बिघडतं काय? पण इंजेक्शन बंद करायचं नाही."

दिली. स्क्रबच्या तपासणीला रक्तही पाठवलं.

११ सप्टेंबर

ताप उतरला! धापही कमी. वंदनाबाई उठून बसली, भाकर मागितली. मला रडूच आलं.

आणि राउंडवर सर विद्यार्थ्यांना सांगतात, "बघा, टायफॉईडचं इंजेक्शन लागू पडायला वेळ लागतो. धीर हवा." पोरं लिहून घेत होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, आणि आम्ही कावळ्याच्या नावाने टाळ्या वाजवतो. मी तोंड उघडलं तर सरांनी हातानेच थांबवलं. स्क्रबची तपासणीही रद्द. "ताप उतरला, आता कशाला?"

संताप, संताप नुसता.

१३ सप्टेंबर

वंदनाबाईला सुट्टी. कार्डावर निदान, टायफॉईड. म्हटलं, सर, स्क्रबचा संशय तरी लिहू. "पुरावा काय? रिपोर्ट आहे?" रिपोर्ट रद्द कुणी केला? हे मनात. तोंडाने, "नाही सर." आणि सही ठोकली. बाई बरी झाली ना, कागदावरून कशाला भांडायचं, अशी स्वतःची समजूत घातली. तिचा नवरा सुधाकर ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडतो. जाताना माझा नंबर घेऊन गेला. "जयभीम मॅडम. तुमच्यानं वाचली."

पिपरीला घरी आले आणि आईशी काही कारण नसताना भांडले.

१७ सप्टेंबर

दुपारी सुधाकरचा फोन. त्याच्या मोठ्या भावाच्या बायकोला ताप.

"पाच दिस झाले, मॅडम. वंदना अन् वहिनी संगंच गवत कापाले गेलत्या."

औषध काय चालू आहे?

"गावच्या डॉक्टरले वंदनाचं कार्ड दाखवलं. तो म्हणे मोठ्या दवाखान्यानं टायफॉईड लिहून देल्लं, मंग इंजेक्शनच देतो. गोळ्या नाई देल्या."

ओरडलेच, तिच्या अंगावर काळी खपली आहे का बघ.

"मी कसा पाहू? वहिनी हाय माही."

वंदनाला आत पाठवायला लावलं. फोन कानाला तसाच. मग वंदनाचा आवाज, "बगलेत हाय, मॅडम. माह्यासारखीच."

म्हटलं, आत्ताच्या आत्ता इकडे आणा. सुधाकर गडबडला. "डॉक्टर म्हणते अजून तीन दिस इंजेक्शन लागते, हालवू नका. आम्ही कोणाचं आयकावं? कार्डावर सही तं तुमचीच हाय ना?"

हो म्हटलं. सही माझी. आणि लिहिलंय ते खोटं. दोनदा सांगितलं, मोठ्याने. मग, "भावाले इचारून सांगतो," आणि त्याने फोन ठेवला.

सरांना विचारणार नाही. डॉक्सी सोबत घेतली आहे, देवळीकडे निघते. वहिनीला धाप लागते का, एवढं विचारायचंच राहिलं. फोन लावतेय, कुणी उचलत नाही.