उत्तर रामहरीने दिलं

प्रिय आप्पा,

पत्र बघून दचकू नका. फोन असताना लेकीला कागद का लागला, ते शेवटी सांगते. सध्या माझंच डोकं ठिकाणावर नाही. आधी काय लिहावं आणि मागून काय, तेही सुचत नाहीये.

मंगळवारी दुपारी मी कॅज्युअल्टीत होते. ऊसतोडणीच्या टोळीतलं एक जोडपं आलं, पाथर्डीकडचं, रामहरी आणि मनकर्णा. तिच्या डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, डोळे मिटलेले. मी तिला विचारलं, कधीपासून दुखतंय? उत्तर रामहरीने दिलं. रोजचंच आहे म्हणाला, मोळ्या वाहून दुखतं, इंजेक्शन दिलं की उतरतं. उलटी झाली का विचारलं, तर उन्हाने झाली म्हणाला. मी त्याच्याकडे बघून विचारत गेले आणि त्याचं ऐकून केसपेपर भरत गेले. ब्लडप्रेशर थोडं वाढलेलं होतं, ते दुखण्यामुळे असेल असं धरून चालले. इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात तिला बरं वाटलं. मला तर तिच्याहून जास्त बरं वाटलं, कारण बाहेर बाकडं भरलेलं होतं. औषधाने डोकं दुखायचं थांबलं म्हणजे कारण साधंच असतं असं नाही, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवलेत, आप्पा.

रामहरी गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेला, तेव्हा सविता सिस्टरने तिचं फडकं सैल केलं आणि सहज विचारलं, रोज असंच दुखतं का गं? मनकर्णा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "न्हाई ओ. आज एकदमच कळ आली. हातातला कोयता गळून पडला. असं जल्मात दुखलं न्हवतं." मी तिला हनुवटी छातीला लावायला सांगितली. मान वाकेना. स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. तिला अँब्युलन्सने नगरला पाठवलं, ऑपरेशन झालं. काल चौकशी केली, अजून शुद्धीवर आलेली नाही.

कोणावर चिडावं तेच मला कळत नाही. रामहरी खोटं बोलला नव्हता. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणतात, आणि ही दोघं अठरा हंगाम एक कोयता आहेत. बायकोचं सांगायला बायको कशाला हवी, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं, हे जास्त खुपतंय. अँब्युलन्समध्ये चढताना तो तिचं फडकं हातात धरून रडत होता. त्याला चार शब्द सुनावायला मला तोंड कुठे होतं?

आता तुमच्याबद्दल. रागावू नका, पण हॉटेलात आईला चहा हवा की कॉफी, हेसुद्धा तुम्हीच सांगता. आम्ही त्यावर हसत आलोय. काल संध्याकाळी फोनवर मी आईची डोकेदुखी कशी आहे विचारलं. तुम्ही म्हणालात, तिचं नेहमीचंच, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. पेला पडला म्हणालात, हल्ली तिच्या हातून फार पडतं. मी गोळी सांगून फोन ठेवला. रात्रभर तो पेला कानात वाजत राहिला. भीती खरी आहे की मनकर्णेमुळे मला सगळीकडे तेच दिसतंय, खरंच समजत नाही. पण आईचं दुखणं मी आईच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही, एवढं मात्र पक्कं समजलंय.

म्हणून हे पत्र आमच्या हॉस्पिटलच्या गोरक्षदादाच्या हाती, त्याच्या गाडीसकट पुणतांब्याला पाठवतेय. फोन केला असता, तर आईला यायचं आहे की नाही तेही तुम्हीच सांगितलं असतंत. स्कॅनची तयारी करून ठेवली आहे. चुलीवर जे असेल ते उतरवा, तिला लगेच गाडीत बसवा, तुम्हीही या. इथे माझ्याकडे कोपरगावला येताना वाटेत तिला विचारा, चांगुणा, तुला नेमकं काय होतंय? आणि ती बोलेपर्यंत, आप्पा, थांबा.

तुमचीच,
धनश्री